हर्शीकर

२ मार्च १९६२ च्या रात्री पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी नावाच्या गावात बास्केटबॉलचा एक सामना झाला. त्याला ४,१२४ प्रेक्षक हजर होते अशी अधिकृत नोंद आहे. यातले निम्मे तरी मला एकट्याला भेटले असावेत. सलूनमध्ये भेटले, विमानतळावर भेटले, लग्नात शेजारच्या खुर्चीवर भेटले. माझे दातांचे डॉक्टरही त्यांतलेच निघाले. त्यांनी माझ्या तोंडात आरसा, कापूस आणि नळी अशी तीन आयुधं ठेवली आणि मगच सांगायला सुरुवात केली, त्यामुळे 'काय सांगता!' एवढंसुद्धा म्हणायची माझी सोय उरली नव्हती.

सामना फिलाडेल्फिया वॉरियर्स आणि न्यूयॉर्क निक्स यांच्यात होता आणि त्यात विल्ट चेंबरलेन नावाच्या सात फूट एक इंची माणसानं एकट्यानं शंभर गुण केले. आपण पडलो क्रिकेटवर वाढलेले. शंभर म्हटलं की आपली भुवईसुद्धा हलत नाही. बॅट वर करायची, आभाळाकडे बघायचं, हेल्मेट पुन्हा घालायचं, संपलं. बास्केटबॉलमध्ये मात्र एका खेळाडूनं तीस केले तर दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. पन्नास केले तर आई तो पेपर ट्रंकेत जपून ठेवते. शंभर करणं हे मुळी एका माणसाचं कामच नव्हे, त्यासाठी अख्खा संघ ठेवलेला असतो.

आणि गंमत अशी, की या सामन्याची फिल्म नाही. टीव्हीवर तो दाखवला नव्हता. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी आपले वार्ताहरसुद्धा धाडले नव्हते, कारण हंगाम संपत आला होता, निक्स आपल्या विभागात तळाला होते आणि हर्शी म्हणजे चॉकलेटच्या कारखान्याचं गाव. वॉरियर्सवाले नवे प्रेक्षक मिळतात का बघायला हंगामातले काही सामने तिकडे नेऊन खेळत. म्हणजे त्या रात्री काय झालं हे तपासायला फारशी साधनं नाहीत. अशा सोयीच्या हवेत जी जमात फोफावली, ती हर्शीकरांची.

हे आडनाव मी ठेवलेलं आहे. ज्यांनी हर्शी गावात त्या रात्री पाऊलही ठेवलं नव्हतं त्यांना ते देणं अन्यायाचं आहे असं कोणी म्हणेल. पण किती सातारकरांनी सातारा पाहिलेला असतो?

यांच्यात पोटजाती आहेत. 'मी स्वतः होतो' म्हणणारे ते अस्सल. 'वडील होते' म्हणणारे ते वारसाहक्काचे. यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये, वाडवडिलांची इस्टेट जशी उडवली जाते तशी ते गोष्टही दोन मिनिटांत संपवतात. 'मी जाणारच होतो, पण' हे त्यांच्यातले दुर्दैवी. यांची गाडी पंक्चर झालेली असते, नाहीतर सासरे वारलेले असतात. आणि सगळ्यांत निर्धास्त जात म्हणजे 'मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाहिला' म्हणणाऱ्यांची. सामना न्यूयॉर्कमध्ये नव्हताच, हा क्षुद्र मुद्दा त्यांना अडवू शकत नाही. खुद्द चेंबरलेनला असे हजारो लोक भेटले. तुझे शंभर आम्ही गार्डनमध्ये बघितले, असं हातात हात घेऊन ते त्यालाच सांगत. तो ऐकून घ्यायचा. आठवणी माझ्याही आहेत, त्यांच्याही आहेत, आणि काळ जातो तसं त्यांच्यावर नक्षीकाम चढतं, अशा अर्थाचं तो पुढे बोललाय. इतका मोठा दिलासा कोणत्याही थापाड्याला कोणत्याही नायकानं दिलेला नसेल.

आपण अमेरिकनांना हसायचं कारण नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर तेंडुलकर आणि कांबळी या शाळकरी पोरांनी ६६४ धावांची भागीदारी केली, त्याचीही फिल्म नाही. तेव्हा ऑफिसमधून स्टेशनकडे जाताना 'सहज म्हणून' बाउंड्रीवर टेकलेले इतके मुंबईकर मला भेटलेत, की त्या संध्याकाळी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली असणार.

मी ज्यांना जवळून ओळखतो ते हर्शीकर टपालखात्यातून निवृत्त झालेले. पश्चिम फिलाडेल्फियात माझ्या घराच्या कोपऱ्यावर एक केशकर्तनालय आहे. तिथे ते शनिवारी सकाळी येतात. केस कापायला नव्हे. कापण्याजोगं डोक्यावर काही राहिलेलं नाही. तिसऱ्या खुर्चीवर बसायचं, गळ्याभोवती पांढरं फडकं बांधून घ्यायचं आणि समोरच्या आरशातून दुकानभर लक्ष ठेवायचं. मालकही त्यांना उठवत नाही. गिऱ्हाईक वाट बघताना कंटाळून दुसऱ्या दुकानात जाऊ नये यासाठी हर्शीकरांचा उपयोग होतो, असं त्याचं मत आहे.

हर्शीकर विषय स्वतः काढत नाहीत. तेवढं भान त्यांना आहे. ते दबा धरून बसतात. कोणी नुसतं 'शंभर' म्हणायची खोटी. एकदा एक गिऱ्हाईक बिचारं औषधाचं बिल शंभर डॉलर झालं म्हणून कुरकुरत होतं. हर्शीकरांनी मान हलवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "शंभर. शंभर म्हणजे काय असतं, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय." तो माणूस दुखणं विसरला. मला वाटतं औषधही विसरून गेला, कारण पिशवी दुकानातच राहिली होती.

मग सामना सुरू होतो. प्रत्येक शनिवारी थोडा वेगळा होतो. कधी बाहेर बर्फ पडत असतं, कधी पाऊस. कधी हर्शीकर स्वतःची शेव्हरोले चालवत दीडशे किलोमीटर गेलेले असतात, कधी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी सामना पाहिलेला असतो. तिकिटाचा दर मी पहिल्यांदा ऐकला त्यापेक्षा आता बराच चढलाय; महागाई त्यांच्या आठवणींनाही चुकलेली नाही. जागाही बदलते. पण एकदाही त्यांनी मागची जागा घेतलेली मला आठवत नाही.

या बदलत्या मुलखातून चालताना मध्येच पाय एकदम पक्क्या खडकावर पडतो. पहिल्या क्वार्टरमध्ये विल्टचे २३. हाफटाइमला ४१. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी ६९. फील्ड गोल ६३ पैकी ३६, फ्री थ्रो ३२ पैकी २८. अंतिम धावसंख्या, म्हणजे गुणसंख्या, १६९-१४७. हे आकडे हर्शीकर झोपेतून उठवलं तरी बरोबर सांगतील, आणि एकही चुकीचा नसतो. आपण कुठे बसलो होतो हे ज्या माणसाला आठवत नाही, त्याला एका परक्या माणसाचे बत्तीस फ्री थ्रो आठवतात.

फ्री थ्रो आले की हर्शीकर उठून उभे राहतात. दुकानातली बोलणी बंद पडतात, मालक कात्री खाली ठेवतो. फ्री थ्रो ही विल्टची दुखरी नस होती. समोर कोणी आडवं येत नाही, कोणी धक्का देत नाही, पंधरा फुटांवरून निवांत टाकायचा चेंडू. आणि हा राक्षस तिथेच गडबडायचा. सबंध कारकिर्दीत त्यानं शंभरातले एक्कावन्नच आत घातले. पण १९६१-६२ च्या त्या हंगामात तो खालून टाकायचा. हर्शीकर ओला टॉवेल गोल गुंडाळून चेंडूसारखा करतात. पाय फाकवतात. गुडघ्यांत वाकतात, इतके की सांधे ऐकू येतात. दोन्ही हातांनी टॉवेल दोन्ही बाजूंनी धरून तो पायांच्या मध्ये लोंबकळता ठेवतात, कोपर सरळ. मग अख्खं अंग एका लयीत वर येतं आणि चेंडू सुटताना दोन्ही मनगटं स्वतःकडे वळतात. "इथे. इथे आहे सगळं," मनगटाकडे बोट दाखवून ते सांगतात. "चेंडू उलटा फिरत वर जातो. घाई नाही. खाली येतो तेव्हा रिंगेवर आपटत नाही, टेकतो." टॉवेल मालकाच्या बेसिनमध्ये जाऊन पडतो. नेहमीच पडतो, हेही सांगितलं पाहिजे. विल्टचे त्या हंगामात एकसष्ट टक्के होते. हर्शीकरांचे टॉवेलचे शंभर टक्के आहेत.

तसं टाकून त्या रात्री बत्तिसांपैकी अठ्ठावीस गेले. आणि पुढे त्यानं ते सोडून दिलं. का सोडलं? बायकी दिसतं म्हणून. हे त्यानंच आत्मचरित्रात कबूल केलंय, आणि आपलं चुकलं हेही. सोडल्यावर एका हंगामात तर शंभरातले अडतीस, इथपर्यंत तो घसरला. सात फूट एक इंचाचा माणूस, ज्याच्या अंगाला हात लावायची प्रतिस्पर्ध्याची छाती नव्हती, तो लोक हसतील म्हणून घाबरला. हर्शीकर इथे हमखास थांबतात आणि आरशातल्या स्वतःकडे बघत म्हणतात, "मी सांगितलं असतं तर ऐकलं असतं त्यानं." कधी सांगायचं होतं, हे त्यांना कोणी विचारत नाही.

कधी कधी मात्र कल्पनेचा घोडा फार पुढे जातो. एकदा विल्टनं लांबून तीन-तीन पॉइंटांचे सहा शॉट मारले. तीन पॉइंटांची रेघ विल्ट ज्या लीगमध्ये खेळायचा त्या एनबीएत १९७९ साली आखली गेली. विल्ट खेळातून बाहेर पडून तेव्हा सहा वर्षं झाली होती. एकदा त्याला अडवायला बिल रसेल उभा होता आणि हतबल होऊन हात चोळत होता. रसेल बॉस्टनचा, तो निक्सच्या सामन्यात काय करत होता? "बघायला आला होता," हर्शीकर तात्काळ म्हणाले. "माझ्या पुढच्याच रांगेत होता. काही दिसेना मला."

खरी माणसं त्या रात्री होती तिथे, आणि त्यांच्या कथा हर्शीकरांच्या थापांपेक्षा विचित्र आहेत. निक्सचा डॅरल इमहॉफ. नेहमीचा सेंटर त्या दिवशी खेळला नाही म्हणून विल्टला रोखायचं काम याच्या गळ्यात पडलं. वीस मिनिटांत फाउल भरून हा बाहेर बसला आणि उरलेलं आयुष्य 'शंभर दिलेला माणूस' म्हणून जगला. दुसरा वॉरियर्सचा अ‍ॅल अ‍ॅटल्स. त्यानं त्या रात्री बास्केटवर आठ शॉट मारले आणि आठही आत गेले, फ्री थ्रो एक मिळाला, तोही गेला. एकही चूक नाही. कुठल्याही दुसऱ्या रात्री त्याला खांद्यावर घेतलं असतं. पुढे तो गमतीनं सांगायचा, की त्या रात्री मी आणि विल्टनं मिळून ११७ केले. हर्शीकरांचा अ‍ॅटल्सवर फार जीव आहे. "तो माझ्यासारखा," ते म्हणतात. "होता, पण कोणी पाहिला नाही."

पुरावा म्हणून हर्शीकरांपाशी तीन गोष्टी आहेत.

पहिली, तो प्रसिद्ध फोटो. लॉकर रूममध्ये विल्ट बसलाय आणि हातात एक कागद धरलाय, त्यावर हातानं लिहिलंय १००. तो आकडा संघाचे आकडेमोडे हार्वी पोलॅक यांनी घाईघाईत लिहून विल्टच्या हाती दिला. फोटो काढणारे पॉल वॅथिस वृत्तसंस्थेचे फोटोग्राफर, पण त्या रात्री सुट्टीवर, मुलाला घेऊन सामना बघायला आलेले. काय चाललंय ते लक्षात आल्यावर बाहेर गाडीत ठेवलेला कॅमेरा घेऊन आले. बास्केटबॉलमधली सगळ्यांत मोठी रात्र एका साध्या कागदावर आणि एका सुट्टीवरच्या माणसावर तगली आहे. त्या फोटोची मळकी प्रत हर्शीकरांच्या पाकिटात असते. ते ती दाखवतात, फोटोच्या डाव्या कडेपासून दोन बोटं बाहेर, हवेत, बोट टेकवतात आणि म्हणतात, "हा मी." लॉकर रूममध्ये तुम्ही कसे, असं मी एकदा विचारलं. "पेन माझं होतं," ते म्हणाले.

दुसरा पुरावा आवाजाचा. सामन्याचं रेडिओवर धावतं वर्णन झालं होतं, सांगणारे होते बिल कॅम्बेल. रेडिओनं रात्री उशिरा शेवटचा क्वार्टर पुन्हा लावला आणि दूर मॅसॅच्युसेट्समध्ये कॉलेजच्या एका पोरानं तो आपल्या टेपवर उतरवून घेतला, म्हणून आज तो ऐकायला मिळतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं आता त्याला जपून ठेवण्याच्या ध्वनिमुद्रणांत जागा दिली आहे. दुकानातल्या पोरानं एकदा फोनवर ते लावलं. लोक ओरडतायत, विल्टला द्या, विल्टला द्या. निक्सवाल्यांनी शेवटी चेंडू हातात धरून वेळ काढायला सुरुवात केली होती. विल्टकडे तो जाऊच नये म्हणून ते वॉरियर्सच्या इतर खेळाडूंना मुद्दाम फाउल करत होते, मग वॉरियर्सनीही चेंडू परत मिळवायला तेच सुरू केलं. खेळ म्हणावा की नळावरचं भांडण, अशी शेवटची मिनिटं. शेहेचाळीस सेकंद उरले असताना वॉरियर्सच्या जो रुक्लिकनं पास दिला, विल्टनं चेंडू आत घातला आणि लोक कोर्टावर धावले. त्या गदारोळात एक लांबलचक किंकाळी ऐकू येते. हर्शीकरांनी फोन थांबवायला लावला, मागे न्यायला लावला, पुन्हा ऐकवला. "ऐकलंस? मी." आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मालकानं नंतर मला हळूच सांगितलं की मागच्या महिन्यात त्यांनी दुसरी किंकाळी दाखवली होती.

तिसरा पुरावा तिकीट. सामन्याचं नव्हे, टपालाचं. २०१४ च्या डिसेंबरात अमेरिकी टपालखात्यानं विल्टची दोन तिकिटं काढली आणि ती नेहमीच्या तिकिटापेक्षा बरीच उंच केली, कारण नेहमीच्या मापात तो बसेना. हर्शीकर निवृत्त असूनही खात्याच्या अब्रूचा प्रश्न असल्यासारखे पहिल्याच दिवशी रांगेत उभे होते. लखोट्यावर ते त्यांनी एकदाही चिकटवलं नाही. "पोस्टमन ठप्पा मारतात रे त्याच्यावर," ते म्हणाले. जन्मभर ठप्पे मारलेला माणूस हे बोलत होता.

विल्टच्या नावावर आकडे तरी किती! त्या एका हंगामात सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण. सामना ४८ मिनिटांचा आणि हा माणूस सरासरी ४८.५ मिनिटं खेळला. जादा वेळेचे सामने धरून ते जमतं, पण वाचताना हिशेबनीसाची चूक वाटते. रसेलच्या बॉस्टनविरुद्ध १९६० साली एका सामन्यात ५५ रिबाउंड. हा फक्त स्वतःच चेंडू टाकतो असं लोक म्हणू लागले तर १९६७-६८ मध्ये हट्टानं सगळ्या एनबीएत सर्वांत जास्त पास देऊन दाखवले. बास्केटखालची मोकळी पट्टी बारा फूट होती ती १९६४ साली सोळा फूट केली. कोणामुळे, ते त्या काळी विचारायची गरज नव्हती. विजेतेपदं मात्र दोनच, १९६७ आणि १९७२, रसेलची अकरा. म्हणून त्याला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं. गोलियाथच्या बाजूनं कोणी ओरडत नाही, ही त्याची तक्रार होती, आणि ती खरी होती. फिलाडेल्फियानं आपल्याच गल्लीतल्या या पोराला कधी पोटाशी धरलं नाही. शंभर केले त्याच वर्षी सगळा संघ विकून सॅन फ्रान्सिस्कोला धाडला. विल्ट १९६५ मध्ये फिलाडेल्फियाला परत आला, दोन वर्षांनी विजेतेपद मिळवून दिलं, आणि १९६८ मध्ये लॉस एंजेलिसला गेला तो गेला. ऑक्टोबर १९९९ मध्ये त्रेसष्टाव्या वर्षी हृदयविकारानं वारला. तोवर जगात त्याचा जो आकडा सर्वांत जास्त गाजला तो शंभरचा नव्हता. १९९१ च्या पुस्तकात त्यानं आपल्या आयुष्यात वीस हजार बायका आल्याचा हिशेब मांडला होता, तो. त्या बाबतीत 'मी तिथे होतो' म्हणणारा मला अजून कोणी भेटलेला नाही.

त्या रात्री हर्शीचं सभागृह निम्मं रिकामं होतं. हर्शीकर हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज चढतो. "निम्मं रिकामं! हाकेच्या अंतरावर होता आणि लोक गेले नाहीत. घरी बसून राहिले. शुक्रवारची रात्र होती, दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, काय झालं होतं जायला?" 'लोक' हा शब्द ते इतक्या रागानं उच्चारतात की माझी मान आपोआप खाली जाते; खरं तर १९६२ साली मी जन्मालाही आलो नव्हतो.

एकदा मात्र त्यांची गाडी अडली. दुकानातल्या एका चुणचुणीत पोरानं, भिंतीवर लावलेलं हर्शीकरांच्या साठाव्या वाढदिवसाचं कार्ड बघून, हिशेब केला. "तुमचा जन्म १९५६ चा," तो म्हणाला. "म्हणजे त्या रात्री तुम्ही सहा वर्षांचेही नसाल. आणि मागच्या आठवड्यात तुम्ही गाडी चालवत गेला होता."

दुकान गप्प. हर्शीकरांनी गळ्याचं फडकं नीट केलं.

"त्या काळी मुलं लवकर मोठी व्हायची," ते म्हणाले.

त्याच पोरानं कोबी ब्रायंटचा विषय काढला. कोबीही फिलाडेल्फियाच्या शेजारचाच, आणि २००६ साली त्यानं एका सामन्यात ८१ केले. ते सगळ्या जगानं टीव्हीवर पाहिले आणि अजूनही हवे तेव्हा बघता येतात. हर्शीकरांनी शांतपणे ऐकलं. "चांगला खेळला पोरगा. पण हेच तर वाईट झालं ना त्याचं," ते म्हणाले. "सगळ्यांनी पाहिलं. आता सांगायला काय राहिलं?"

मला वाटलं होतं हर्शीकरांना तोड नाही. पण एका शनिवारी एक बाई नातवाला केस कापायला घेऊन आल्या. बाई शांत, गोऱ्या, साठीच्या पुढच्या. मूळच्या हर्शीच्याच, लेकीकडे आल्या होत्या. हर्शीकर चौथ्या क्वार्टरपर्यंत आले होते. बाईंनी मासिकातून मान वर केली आणि अगदी सहज म्हणाल्या, "मी होते तिथे."

असं वाक्य त्या दुकानात दुसऱ्या कोणी उच्चारल्याचं कोणाला आठवत नव्हतं. मालकानं यंत्र बंद केलं. आता पाय फाकवून उभे राहतील, आकडे फेकतील, असं आम्हाला वाटलं. हर्शीकर मात्र खुर्चीतल्या खुर्चीत वळले आणि विचारलं, "काय काय आठवतं?"

बाईंना फार आठवत नव्हतं. वडील चॉकलेटच्या कारखान्यात होते, त्यांच्या कोटाला नेहमी कोकोचा वास यायचा. ती मंडळी खरं तर आधीच्या गमतीच्या सामन्यासाठी गेली होती, त्यात ईगल्सचे फुटबॉलवाले बास्केटबॉल खेळणार होते आणि शेजारणीच्या मुलीला त्यांतला एक फार आवडायचा. मुख्य सामन्यात एक खूप उंच माणूस होता. तो खालून चेंडू टाकायचा. "मला हसू आलं. शाळेत आम्ही मुली तसाच टाकायचो."

"मनगट?" हर्शीकर पुढे झुकले. "मनगट कसं वळायचं त्याचं?"

"मनगट कोण बघतं? मी अकरा वर्षांची होते."

"चेंडू खाली येताना आवाज यायचा?"

बाईंनी विचार केला. "लाकडाचा यायचा. धावताना. तो धावायला लागला की बाकावर बसल्या बसल्या पायाला कळायचं."

हर्शीकरांनी हे ऐकलं आणि आरशात पाहिलं नाही. खिशातून पेन काढून फोटोच्या मागच्या बाजूला काहीतरी लिहून ठेवलं. पुढच्या शनिवारी ते धावणं पायाला कळणार, हे मला तेव्हाच समजलं.

"आणि शंभरावा?" पोरानं विचारलं.

"तो नाही पाहिला," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या भागानंतर आम्ही निघालो. सकाळी वडिलांना पाळीवर जायचं होतं. घरी पोचल्यावर रेडिओवर कळलं." त्यांनी हर्शीकरांकडे बघितलं. "पुढे काय काय झालं?"

आणि हर्शीकरांनी सांगितलं. इमहॉफ बाहेर बसलेला, फाउलांची ती नळावरची भांडणं, डेव्ह झिंकॉफ लाउडस्पीकरवर प्रत्येक बास्केटनंतर विल्टचा आकडा जाहीर करतोय, ७५, ८९, ९४, लोक उभे राहिलेत, चेंडू एकदा रिंगेवर फिरून बाहेर पडतोय, रुक्लिकचा पास, शेहेचाळीस सेकंद. त्यात तीन पॉइंटांचा एकही शॉट नव्हता, रसेल नव्हता. मी इतक्या शनिवारी ऐकलं, पण सबंध खरा सामना त्या दिवशी एकदाच झाला. बाई मासिक मिटून ऐकत होत्या. नातवाचे केस एका बाजूनं कापलेले, एका बाजूनं तसेच.

"वडिलांना शेवटपर्यंत रुखरुख लागून राहिली," सगळं संपल्यावर बाई म्हणाल्या. "चांगल्या जागा होत्या हो आमच्या, पाचव्या रांगेत, अगदी मधोमध. एवढा मोठा प्रसंग, आणि दोन खुर्च्या फुकट गेल्या म्हणायचे."

"फुकट कुठे गेल्या?" हर्शीकर म्हणाले. "तुम्ही उठलात तसा मी येऊन बसलो ना. दुसरीवर कोट ठेवला होता."